कारवी आणि नीलकुरिंजी: एक धोक्याच्या यादीत, दुसरी का नाही?

कारवी आणि नीलकुरिंजी या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. दोघींच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द एकच, स्ट्रोबिलँथिस. कारवी ही स्ट्रोबिलँथिस कॅलोसा आणि नीलकुरिंजी स्ट्रोबिलँथिस कुंथियाना. दोघी पश्चिम घाटातल्या, दोघींची फुलं निळ्या-जांभळ्या छटांची. दोघी वर्षानुवर्षं नुसती पानं मिरवतात, मग एका पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर रंगवतात आणि मरून जातात. तरीही २०२४ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत नीलकुरिंजीची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली. धोक्यातल्या वनस्पतींमध्ये कारवीचं नाव मात्र नाही.

नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते आणि कारवी आठ वर्षांनी, म्हणजे नीलकुरिंजी जास्त दुर्मीळ, असा हिशोब पटकन मनात येतो. तो साफ चुकीचा आहे. किती वर्षांनी फूल येतं याचा या वर्गवारीशी थेट संबंध नाही. फुलण्याचं चक्र महत्त्वाचं आहे, पण वेगळ्याच कारणाने. ते कारण समजायला आधी या झाडांचं आयुष्य बघावं लागतं.

कारवी आपल्या ओळखीची. सह्याद्रीत डोंगर चढणाऱ्यांनी तिच्या काठ्या धरूनच अर्धे उतार पार केलेले असतात. माळशेज, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर, कर्नाळा, येऊर, मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सगळीकडे ती आहे. जिथे आहे तिथे एकटीदुकटी नसते. माणसापेक्षा उंच, खरखरीत पानांचं, सलग असं कारवीचं रानच असतं. तिच्या सरळसोट काठ्या उभ्या करून, वर माती आणि शेण लिंपून कुडाच्या भिंती होतात. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांना या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या निवारा दिला.

ती सात वर्षांनी फुलते की आठ, यावर गावोगाव वाद आहे. मुंबईच्या जंगलात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. म्हणजे मधली सात वर्षं कोरडी आणि आठव्या वर्षी फूल, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपलंच बरोबर वाटायला जागा आहे. प्रत्येक डोंगराचं वेळापत्रकही एक नसतं. एका खोऱ्यात फुलोरा असतो तेव्हा शेजारच्या खोऱ्यातली कारवी वयाने दोन-तीन वर्षं मागे असू शकते. फुललेल्या वर्षी मधमाश्यांची चंगळ असते, आणि त्यानंतर काढलेला कारवीचा दाट, गडद मध जाणकार राखून ठेवतात. फुलं गळाली की झाड वाळत जातं, पण बोंडं फांदीवरच राहतात. पुढच्या वर्षीचा पाऊस पडला, बोंडं भिजली की ती तडतड आवाज करत फुटतात आणि बिया उडतात. काही आठवड्यांत वाळक्या काठ्यांच्या पायथ्याशी रोपांची हिरवी सतरंजी दिसू लागते. नवी पिढी सगळी एका वयाची.

नीलकुरिंजीचं आयुष्य याच धर्तीवरचं, फक्त जास्त लांब. केरळ आणि तमिळनाडूतल्या उंच डोंगरांवर, समुद्रसपाटीपासून साधारण १३४० ते २६०० मीटरच्या पट्ट्यात ती वाढते. दक्षिणेतल्या या डोंगरांची घडण आपल्याहून वेगळी आहे. घळींमध्ये बुटकं, दाट सदाहरित जंगल असतं, त्याला शोला म्हणतात, आणि भोवतीच्या उघड्या माथ्यांवर व उतारांवर गवताळ माळ. नीलकुरिंजी या माळाची रहिवासी. मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात ती निलगिरी ताहर या डोंगरी प्राण्याच्या सोबतीने राहते. तिच्या फुलण्याच्या नोंदी १८३८ पासून सापडतात आणि बारा-बाराने मोजत आलं की २००६ आणि २०१८ ही वर्षं बरोबर येतात. २०१८ चा बहर केरळच्या महापुरात सापडला, रस्ते वाहून गेले आणि पुष्कळांना तिथे पोचताच आलं नाही. मुन्नारचा पुढचा मोठा बहर २०३० चा. निलगिरी डोंगररांगेच्या काही उतारांवर वेगळं चक्र चालू आहे, तिथे ती २०२४ मध्ये फुलली. प्राचीन तमिळ संगम काव्यात तर डोंगराळ प्रदेशालाच कुरिंजी हे नाव आहे. तिथले पलियन आदिवासी आपलं वय कुरिंजीच्या बहरांवर मोजत, असंही सांगतात.

आता प्रश्न असा, की एखादं झाड इतका मोठा जुगार का खेळतं? दरवर्षी थोडं थोडं फुलण्यात काय वाईट आहे?

शेताच्या कडेला ज्वारीची दहा ताटं लावली तर पाखरं एक दाणा शिल्लक ठेवत नाहीत. सगळ्या शिवारात एकाच वेळी ज्वारी निसवली तर तीच पाखरं खाऊन खाऊन थकतात आणि तरीही खळं भरतं. कारवी आणि नीलकुरिंजीचं गणित हेच आहे. बिया खाणारे किडे, पाखरं, उंदीर यांची संख्या मधल्या फुलाविना वर्षांमध्ये वाढू शकत नाही, कारण त्यांना या झाडाकडून खायलाच काही मिळत नाही. मग अचानक एका हंगामात बियांचा असा पूर येतो की खाणारे पुरे पडत नाहीत. उरलेल्या बिया रुजतात. बांबूही हेच करतो.

या युक्तीत एक अट दडलेली आहे: संख्या प्रचंड हवी. सलग रान असेल तरच खाणारे हरतात. तेच रान तुटून चार-चार गुंठ्यांचे तुकडे झाले, तर प्रत्येक तुकड्यात पुन्हा त्या दहा ताटांचीच गत. झाडं उभी दिसतात, फुलतातही, फोटो सुंदर येतात, पण पुढच्या पिढीचा भरवसा राहत नाही. शिवाय सगळी झाडं एका वयाची, म्हणजे मागे आधाराला मधल्या वयाची झाडं नाहीत. फुलण्याच्या आधीच्या वर्षी वणवा लागला किंवा बुलडोझर फिरला तर त्या जागेवरची अख्खी पिढी बी न टाकताच संपते. दरवर्षी फुलणाऱ्या झाडाला एक हंगाम गेल्याचं फारसं काही वाटत नाही. या दोघींचा तोच एक हंगाम असतो.

म्हणजे दोघींचा स्वभाव सारखाच नाजूक. मग यादीत फरक का? त्यासाठी आययूसीएनची वर्गवारी कशी ठरते ते पाहू.

ही आंतरराष्ट्रीय संस्था १९६४ पासून लाल यादी ठेवते. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे नामशेष. त्याच्या अलीकडे फक्त लागवडीत उरलेल्या जाती येतात. मग अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित हे धोक्याचे तीन वर्ग. त्यांच्या खाली धोक्याच्या जवळ पोचलेल्या आणि तूर्त चिंता नसलेल्या जाती. ‘माहिती अपुरी’ आणि ‘मूल्यांकनच झालेलं नाही’ असे आणखी दोन कप्पे आहेत, त्यांच्याकडे परत येऊ.

धोक्याच्या तीन वर्गांत जायला पाच दरवाजे आहेत आणि कुठल्याही एकातून आत गेलं तरी पुरतं. एक दरवाजा घटीचा: संख्या किती झपाट्याने कमी झाली. दुसरा विस्ताराचा: जात किती कमी जागेत शिल्लक आहे. उदाहरणार्थ, तिच्या वावराचा एकूण परीघ २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा लहान असेल, त्यात तुकडे पडलेले असतील आणि घट चालूच असेल, तर ती असुरक्षित ठरते. तिसरा आणि चौथा दरवाजा थोडक्या संख्येचा. पाचवा, पुढच्या काळात नामशेष होण्याची शक्यता गणिताने काढण्याचा. सौंदर्य, प्रसिद्धी, फुलांमधलं अंतर यांना कुठेही गुण नाहीत.

नीलकुरिंजी पहिल्या दरवाजातून आत गेली. नियम असा: गेल्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, ३० टक्के किंवा जास्त घट झाली असेल आणि घटीची कारणं थांबलेली नसतील, तर जात असुरक्षित. ५० टक्क्यांवर संकटग्रस्त, ८० टक्क्यांवर अतिसंकटग्रस्त. फुलण्याचं चक्र महत्त्वाचं ठरतं ते इथे. नीलकुरिंजीची एक पिढी म्हणजे बारा वर्षं, तीन पिढ्या म्हणजे छत्तीस. कारवीच्या तीन पिढ्या चोवीस वर्षांत होतात. म्हणजे नीलकुरिंजीचा हिशोब मांडताना १९८०-९० च्या दशकांपर्यंत मागे जावं लागतं, कारवीचा मांडताना फक्त २००० पर्यंत. दोन डोंगरांवर अगदी सारख्या वेगाने रान तुटलं, तरी लांब पिढीच्या झाडाच्या खात्यावर जास्त नुकसान दिसेल. मला हे न्याय्य वाटतं. जे झाड बारा वर्षांत एकदाच भरून काढू शकतं, त्याचं नुकसान मोजायला काळही मोठाच हवा.

झाडं मोजली कशी, हा पुढचा प्रश्न. खरं तर मोजली नाहीत. छत्तीस वर्षांपूर्वी मुन्नारच्या उतारावर किती रोपं होती याची कुणाकडे वही नाही. अशा वेळी राहण्याची जागा किती घटली यावरून अंदाज बांधायला नियम परवानगी देतात. नीलकुरिंजीचं तसंच झालं. पाहणीत तिचे ३४ वेगवेगळे समूह नोंदले गेले, त्यातले ३३ पश्चिम घाटात आणि एक पूर्व घाटात, तमिळनाडूतल्या येरकाडच्या डोंगरांवर. तिच्या अधिवासापैकी सुमारे ४० टक्के हातचा गेल्याचं दिसलं. तीसच्या रेषेच्या पुढे, पन्नासच्या अलीकडे. म्हणून असुरक्षित.

ही जागा गेली कुठे, याची कथा जंगलतोडीची नाही, जवळजवळ उलटी आहे. इंग्रजांना हे उघडे माळ ओसाड वाटले. महसुली नोंदींत ते पडीक म्हणून चढले आणि पडीक जमिनीवर काहीतरी लावणं हे पुण्याचं काम ठरलं. चहाचे मळे आले. चामडं कमावण्यासाठी लागणाऱ्या सालीकरता ऑस्ट्रेलियातून ब्लॅक वॅटल आली, जळणासाठी आणि लगद्यासाठी निलगिरीची (युकॅलिप्टसची) झाडं आली. स्वातंत्र्यानंतरही लागवडी चालूच राहिल्या. वॅटल तर लावलेल्या कुंपणात थांबत नाही, तिचं बी आपण होऊन माळावर पसरतं. तमिळनाडूतल्या पळनी डोंगरांच्या उपग्रहचित्रांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चार दशकांत दोन तृतीयांश गवताळ माळ नाहीसा झालेला आढळला, आणि त्याची मुख्य कारणं होती लाकडासाठीच्या लागवडी आणि शेती. नकाशावर तो डोंगर आधीपेक्षा हिरवाच दिसतो. वृक्षारोपणाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जाण्याआधी हे उदाहरण आठवावं, विशेषतः आपल्याकडच्या सड्यांवर आणि माळांवर खड्डे खणायला निघालेल्यांनी.

नीलकुरिंजीची आणखी एक अडचण तिच्या उंचीच्या पट्ट्यात आहे. हवामान तापत गेलं की डोंगरावरच्या वनस्पती हळूहळू वर सरकतात. पण तिचा पट्टा २६०० मीटरपर्यंत जातो आणि दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर, अनाईमुडी, २६९५ मीटरचं आहे. वर सरकायला डोंगरच शिल्लक नाही.

कारवीचं घर याच्या उलट ऐसपैस. ती मुंबईच्या टेकड्यांवरही आहे आणि हजार मीटरच्या घाटमाथ्यावरही. उत्तरेला डांगच्या जंगलापासून दक्षिणेला कर्नाटकापर्यंत तिचा पसारा आहे, म्हणजे विस्ताराच्या दरवाजातून ती यादीत जाण्याचा प्रश्नच नाही. शिवाय ती भागवून घेणारी आहे. उघडा उतार असो की पानगळीच्या जंगलातली सावली, दोन्हीकडे ती वाढते. कड्याच्या पायथ्याच्या अवघड उतारांवर शेती होत नाही, मळे होत नाहीत, त्यामुळे तिची पुष्कळ जागा आपसूक राखली गेली. माणसाने ती तोडली, पण कुडासाठी. काठ्या नेल्या तरी उतार तिथेच राहिला. नीलकुरिंजीचा उतारच चहाखाली गेला. झाड कापणं आणि झाडाची जमीन काढून घेणं यातला हा फरक दोघींच्या वर्गवारीच्या मुळाशी आहे, असं माझं मत.

म्हणून कारवी सुरक्षित आहे का? धोक्याच्या यादीत नसणं आणि सुरक्षित असणं यांत अंतर आहे. जगातल्या फुलझाडांपैकी मोठ्या भागाचं आययूसीएनच्या पद्धतीने मूल्यांकन अजून झालेलंच नाही. त्यांची नावं यादीत नाहीत, कारण कुणी ती तपासायला घेतलेली नाहीत. नीलकुरिंजीसारख्या, दोन हजार वर्षं काव्यात असलेल्या झाडाचं पहिलं जागतिक मूल्यांकनसुद्धा २०२४ मध्ये झालं! यादीत नाव नसलेल्या कुठल्याही झाडाबद्दल ‘म्हणजे ठीकच आहे’ असं म्हणण्याआधी हे लक्षात ठेवावं.

दुसरं म्हणजे ही वर्गवारी अख्ख्या जातीची असते, एकेका डोंगराची नाही. एखाद्या घाटात रस्ता रुंद झाला, उतारावर बंगल्यांची वसाहत आली, दगडाची खाण सुरू झाली, दर उन्हाळ्यात वणवे लागत राहिले, तर त्या डोंगरावरची कारवी संपू शकते आणि जागतिक वर्गात एक अक्षर बदलणार नाही. पण तिथला मध संपेल आणि मुसळधार पावसात माती धरून ठेवणाऱ्या मुळांचं जाळंही जाईल.

कायद्याची बाजू वेगळी आहे आणि लोक ती नेहमी लाल यादीत मिसळतात. लाल यादी हे शास्त्रीय निदान आहे, तिच्यामुळे कुणाला अटक होत नाही. भारतात बंधन येतं ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे. त्यातल्या संरक्षित वनस्पतींच्या अनुसूचीत बराच काळ जेमतेम सहा नोंदी होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने ती वाढवली आणि तिसऱ्या अनुसूचीत नीलकुरिंजी आली. आता ती उपटणं, तोडणं, परवान्याविना बाळगणं किंवा लावणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्थानिक अनुसूचित जमातींच्या माणसांना स्वतःच्या खऱ्या गरजेपुरती सवलत कायद्याने ठेवली आहे. क्रमही बघण्यासारखा आहे: कायद्याचं संरक्षण आधी मिळालं, लाल यादीतला वर्ग नंतर. त्याहूनही आधी, २००६ च्या बहराच्या वर्षी, केरळने इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं होतं, सुमारे ३२ चौरस किलोमीटरचं. त्याच्या हद्दीत कुणाची जमीन येते यावरून पुढे बरीच वर्षं भांडणं चालली.

या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसेल अशी तिसरी बहीण आपल्याकडे आहे, टोपली कारवी. कासच्या पठारावर टोपली पालथी घालावी तशी गोल, बुटकी झुडपं दिसतात ती हीच. तिचीही फुलण्याची रीत वर्षांनुवर्षं थांबण्याची, पण राहणीमान नीलकुरिंजीसारखं: उघडी सपाट पठारं, ज्यांना सरकारी कागद सहज पडीक म्हणू शकतात. माझ्या लेखी महाराष्ट्रात काळजी करायचीच तर साध्या कारवीच्या आधी हिची करावी.

बहराच्या वर्षी बघायला जाणाऱ्यांनी काय पाळायचं, ते वरच्या सगळ्यावरून उघड आहे. फुलाचा एक तुरा तोडला तर आठ किंवा बारा वर्षांतलं त्या फांदीचं एकमेव बी गेलं. उतारावर वाट सोडून चाललं की झाडं मोडतात. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: पुढच्या पावसाळ्यात, सगळं वाळलेलं आणि बघण्यासारखं काहीही उरलेलं नसताना, पायाखाली रोपं असतात. त्या वर्षीही वाट सोडू नये. वाळलेली झाडं मेलीच आहेत म्हणून बोंडांसकट उतार साफ करणं किंवा पेटवणं तर अख्खं चक्र तोडणारं आहे.

अभ्यासकांच्या दृष्टीने बहराचं वर्ष म्हणजे मोजणीचं वर्ष. एरवी दुरून नुसतं हिरवं झुडूप दिसतं, ते इतर झुडपांत मिसळून जातं. फुललं की समोरच्या डोंगरावरूनही त्याच्या कडा ओळखता येतात आणि हवाई छायाचित्रांवर सीमा आखता येते. मुन्नारचा २०३० चा बहर नीलकुरिंजीच्या नव्या मूल्यांकनानंतरचा तिथला पहिलाच मोठा बहर असेल, आणि १९९४ पासूनची छत्तीस वर्षं, म्हणजे बरोबर तीन पिढ्या, तेव्हा पूर्ण होतील. त्या वर्षी आखलेले नकाशे हाती आले तर पुढच्या वेळी अंदाजाऐवजी प्रत्यक्ष क्षेत्रांची तुलना करता येईल. मुंबईच्या कारवीसाठी असंच वर्ष २०३२ आहे.